सगळ्यांच्या रानातलं धनुष्य

कोल्हापूरच्या माणसाला शिकार म्हटलं की संस्थान आठवतं. दाजीपूरचं जंगल हे छत्रपतींचं शिकारीचं रान. पाळीव चित्ते सोडून काळवीट धरायची रीत आमच्या संस्थानात अगदी विसाव्या शतकापर्यंत होती; इकडचे चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले. माझ्या लहानपणी यातलं काही उरलं नव्हतं. उरली होती ती वाड्यांच्या भिंतींवरची शिंगं, आणि हाका घालायला गेलेल्या गावकऱ्यांच्या नातवंडांनी सांगितलेल्या गोष्टी. रान राजाचं, जनावर राजाचं, आणि ते कुणी मारायचं हेही राजानंच ठरवायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशभरातला शिकारीचा विषय जवळजवळ मिटवलाच. मिटवला ते योग्यच झालं, असं मी आजही मानते.

त्यामुळे विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला राहायला आल्यावर, शेजारच्या आजोबांच्या मोटारीत धनुष्य पाहून मी बिचकले होते. माझी मुलं त्यांना आजोबा म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला साधा माणूस. तासाभराच्या अंतरावर, पोर्टेज गावाजवळ विस्कॉन्सिन नदीच्या काठी पाइन आयलंड नावाचं रान आहे, तिथं ते दर शरदात धनुष्य घेऊन हरणाच्या मागावर जात. ती जमीन कुणाची, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘तुझीसुद्धा.’ राज्याचं रान होतं ते. परवाना काढायचा, नियम पाळायचे आणि जायचं. ओळख लागत नाही, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हा धनुष्याचा हंगाम चालतो. बस चालवणारे, शाळेत शिकवणाऱ्या बायका, गोठ्यावर राबणारी पोरं, असे सगळे त्या रानात येतात आणि मिळालं तर वर्षभराचं मटण घरी नेतात.

त्यांच्याकडून मी शिकले. आता इथल्या नवशिक्यांच्या वर्गांना मदत करते. धनुष्य किती पौंडांचं घ्यावं, बाण कोणते, मचाण कसलं, हे शिकणाऱ्याचे पहिले प्रश्न असतात. मी मात्र सुरुवात इतिहासापासून करते. धनुष्य हे आदिम हत्यार आहे, म्हणून ही प्रथाही अखंड चालत आलेली असणार, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. सरकारी रानात, परवान्यावर, सामान्य माणसानं धनुष्यानं हरीण मारणं ही आजच्या रूपातली गोष्ट अजून शंभर वर्षांचीही झालेली नाही. रान उजाड झालं, हरणं संपली, आणि ज्यांना धनुष्य येत होतं ती माणसंही संपवली गेली. त्यानंतर काही लोकांनी ही प्रथा जाणूनबुजून, विचार करून उभी केली. नियमांच्या पुस्तिकेतली जवळजवळ प्रत्येक ओळ अशा कुठल्यातरी नासाडीतून आलेली आहे. हे ठाऊक असलेला माणूस रानात वेगळं वागतो. इतक्या मोसमांत मी हे पाहिलं आहे.

आधी हरणांचं सांगते. इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं व्हाइटटेल. घाबरलं की शेपटी निशाणासारखी उभारून पळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते विकण्यासाठी मारलं जाई. रेल्वे आली तशी मारलेली हरणं डबे भरभरून शिकागो आणि मिलवॉकीच्या बाजारात जाऊ लागली. तिथल्या हॉटेलांत ती शिजत. जोडीला लाकूडतोड. उत्तर विस्कॉन्सिनातलं पांढऱ्या पाइनचं अरण्य दोनतीन पिढ्यांत जमीनदोस्त झालं. मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला आगी लागत. १८७१च्या ऑक्टोबरात पेश्टिगोला लागलेल्या आगीत हजाराहून जास्त माणसं गेली. शतक संपताना राज्याच्या दक्षिण भागात हरीण दिसणं नवलाचं झालं होतं. अख्ख्या देशात मिळून पाच लाखांच्या आतबाहेर हरणं उरली असावीत, असा अंदाज अभ्यासक देतात. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात १९००चा लेसी कायदा आला आणि चोरून मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं केंद्राचा गुन्हा ठरला. विस्कॉन्सिननं १८९७मध्ये माणशी दोन हरणांची मर्यादा घातली, पुढे ती आणखी आवळली, आणि १९२५पासून काही वर्षं तर एक वर्षाआड बंदुकीचा हंगामच बंद ठेवला. शिकारीचं मटण विकायला आजही बंदी आहे. वर्गात एखादा विचारतोच, जास्तीचं मटण विकलं तर काय बिघडलं? त्याला मी ते रेल्वेचे डबे सांगते.

आता धनुष्याचं. हा भाग सांगताना मला दरवेळी जड जातं.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. तो ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला होता. सोन्याच्या मागे आलेल्या वसाहतवाल्यांनी १८६०च्या दशकात त्याच्या लोकांच्या कत्तली केल्या; उरलेले मूठभर डियर क्रीकच्या दऱ्यांमध्ये चाळीसएक वर्षं लपून जगले आणि एकेक करत संपले. शेवटी हा एकटा राहिला. त्यानं स्वतःचं नाव कुणाला सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी हे नाव दिलं आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवून घेतलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद शिकवत. ते इशीवर उपचार करायचे. हळूहळू डॉक्टर शिष्य झाला आणि रुग्ण गुरू.

इशीचं धनुष्य डोंगरी जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेलं. ताण साधारण चाळीस-पंचेचाळीस पौंडांचा, म्हणजे आजच्या हिशेबानं हलकंच. बाणाचं टोक तो काचदगडाचं घडवायचा, आणि बाटलीच्या काचेचंही. दोरी अंगठ्यानं ओढायचा. शिकारीच्या आधी मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही, पहाटे ओढ्यात अंघोळ करायची, असा त्याचा नेम होता. पोप यांनी हे सगळं बारकाईनं लिहून ठेवलं. यामागे श्रद्धा होती, आणि हरणाच्या नाकाचं पक्कं ज्ञानही होतं. आज दुकानांत अंगाचा वास घालवणारे साबण आणि फवारे विकले जातात. त्यांच्यामागचं कारण आणि इशीच्या पहाटेच्या अंघोळीमागचं कारण एकच आहे. हरणाच्या जवळ जाण्यासाठी तो पाडसासारखा, सशासारखा आवाज काढी, डोक्यावर हरणाचं कातडं घेऊन झुडपाआडून डोकावे. नेमबाजीच्या लक्ष्यावर पोप त्याच्यापेक्षा सरस ठरू लागले. रानात मात्र इशीच्या जवळपास कुणी नव्हतं, कारण त्याची सगळी विद्या जवळ जाण्याची होती. १९१४च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी क्रोबर, त्यांचे सहकारी वॉटरमन आणि पोप त्याला घेऊन डियर क्रीकला गेले. ज्या दऱ्यांत त्याची माणसं मेली तिथंच त्यानं त्यांना हे सगळं करून दाखवलं. २५ मार्च १९१६ला तो क्षयानं गेला. त्याच्या देहाची चिरफाड करू नये असं क्रोबर यांनी लांबून कळवलं होतं, तरी ती झाली. मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवला गेला. २००० साली तो तिथून परत आणून त्याच्या नात्यातल्या जमातींच्या हाती दिला गेला.

पोप यांनी १९२३मध्ये ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हे पुस्तक लिहिलं. त्याआधीही अमेरिकेत धनुष्याची एक लाट येऊन गेली होती: मॉरिस आणि विल थॉम्प्सन या भावांची, यादवी युद्धानंतरची. मॉरिसचं पुस्तक १८७८चं. पण ती लाट लक्ष्यभेदाच्या हिरवळीवर जाऊन थांबली. पोप यांच्या पुस्तकानं माणसं रानात गेली. पोप आणि त्यांचा मित्र आर्थर यंग यांनी यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वलं आणि पुढे आफ्रिकेत सिंह बाणांनी मारले. तो भाग मला आवडत नाही. शिकवणाऱ्यानं पोटापुरतं शिकवलं आणि शिकणाऱ्यांनी त्याचं पराक्रमात रूपांतर केलं, असं तो वाचताना वाटत राहतं. पण त्याच यंगचा अलास्कातल्या शिकारीचा मूकपट डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या पंचविशीतल्या कामगारानं पाहिला. पुढे यंगकडूनच तो धनुष्यं बनवायला शिकला, आणि १९३३मध्ये, मंदीच्या ऐन भरात, त्यानं स्वतःचा कारखाना काढला. शेजारच्या आजोबांचं जुनं धनुष्य त्याच कारखान्याचं. काचतंतूचा थर दिलेलं, वापरून मुठीपाशी गुळगुळीत झालेलं. इशीपासून पोप, पोपपासून यंग, यंगपासून बेअर आणि तिथून ते माझ्या हातात आलं, असा गुरुपरंपरेचा सरळ धागा मला दिसतो. आपल्याकडे गायकाची तालीम सांगताना घराण्याचं मूळ नाव आधी घेतात. या घराण्याच्या मुळाशी एक असा माणूस आहे, ज्याचं नाव कुणालाच कळलं नाही.

विस्कॉन्सिनातला धागा याच सुमाराचा. रसीन शहराच्या रॉय केसनं १९३०मध्ये राज्यात धनुष्यानं कायदेशीर हरीण मारलं. आधुनिक काळातली ती पहिली नोंद मानतात. धनुष्यवाल्यांनी मागणी लावून धरली, आणि १९३४मध्ये राज्यानं सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत फक्त धनुष्यासाठी हरणाचा हंगाम ठेवला. देशातला हा पहिला. त्यात एकाच नराची नोंद झाली. त्या दोन काउंट्यांची सीमा पाइन आयलंडच्या रानातून जाते. नवशिक्यांना मी तिथंच नेते त्याचं एक कारण हेही आहे.

त्याच वेळी मॅडिसनच्या विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड शिकवत होते. वन्यजीव व्यवस्थापन हा विषयच त्यांनी घडवला. १९३३मध्ये त्यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी विद्यापीठानं त्यांच्यासाठी प्राध्यापकपद निर्माण केलं. घरी तळघरात ते स्वतः धनुष्यं आणि बाण बनवत. पत्नी एस्टेला तर नवऱ्यापेक्षा सरस तिरंदाज. राज्याचं महिलांचं विजेतेपद तिनं पाच वर्षं राखलं. हे वर्गातल्या मुलींना मी मुद्दाम सांगते. १९३५मध्ये लिओपोल्डनी पाइन आयलंडच्या जवळच नदीकाठी एक नापीक, सोडून दिलेलं शेत घेतलं. तिथं उभी असलेली एकच झोपडी, कोंबड्यांची. ती साफ करून सगळं कुटुंब शनिवार-रविवार तिथं राहू लागलं आणि हजारोंनी पाइनची रोपं लावू लागलं. त्या जमिनीवर त्यांनी जे पाहिलं त्यातून ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक झालं. ते छापलेलं पाहायला ते राहिले नाहीत. १९४८च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना हृदयविकारानं गेले.

लिओपोल्डनी शिकारीबद्दल जे लिहिलं त्यातला एक विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इतर खेळांत प्रेक्षक असतात, पंच असतो. शिकाऱ्याला पाहणारं कुणी नसतं. चुकीचा बाण सोडायचा की नाही, हे त्याची सदसद्विवेकबुद्धीच ठरवते. धनुष्यानं हा प्रश्न फार टोकदार होतो. बंदूक दीडशे यार्डांवरून काम करते, धनुष्याला जनावर वीस यार्डांत यावं लागतं. तेवढ्या अंतरावरून त्याचा श्वास दिसतो. बाण धक्क्यानं मारत नाही, कापतो. रक्त जाऊन जनावर मरतं. फाळ बोथट असला किंवा नेम बोटभर हुकला तर ते जखमी होऊन लांब कुठेतरी तडफडतं. धनुष्याच्या हंगामाला सुरुवातीपासून विरोध झाला तो याच मुद्द्यावर, आणि तो विरोध खोटा नव्हता. म्हणून आजच्या नियमांत धनुष्याचा ताण किमान तीस पौंड हवा, फाळ किमान पाऊण इंचाहून थोडा जास्त रुंद आणि धारदार हवा, असं लिहिलेलं असतं. धार हा इथं कायद्याचा विषय आहे. फाळ दंडाच्या केसांवरून फिरवायचा; केस अलगद उतरले नाहीत तर तो भात्यात जात नाही, हा आजोबांचा नियम मी तसाच पुढे चालवते.

लिओपोल्डना लोकांचा रागही खूप सोसावा लागला. तोडलेल्या अरण्याच्या जागी पाइनऐवजी अ‍ॅस्पेनची कोवळी झाडं फुटली, तोंडाला येतील अशी. हरणांना ते रान मानवलं. लांडगे आधीच मारून जवळजवळ संपवले होते. चाळीसच्या दशकात उत्तरेत हरणं इतकी झाली की हिवाळ्यात खायला नसल्यानं कळपच्या कळप मरू लागले. माद्याही माराव्या लागतील, असं लिओपोल्ड म्हणाले. ज्या पिढीनं हरीण नाहीसं झालेलं पाहिलं होतं, तिला मादीवर हत्यार उचलणं पाप वाटत होतं. १९४३मध्ये माद्यांचा हंगाम झाला आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद पेटला. दोन्ही बाजूंना हरणांची कळकळ होती, हे या वादात मला महत्त्वाचं वाटतं. लिओपोल्डचं म्हणणं बरोबर होतं, हे पुढे कळलं.

आता जमिनीचं. सरकारी रान आभाळातून पडलेलं नाही, आणि ‘तुझीसुद्धा’ हा शब्द ज्या जमिनीबद्दल आजोबा बोलले, ती आधी हो-चंक लोकांची होती. १८३७मध्ये वॉशिंग्टनला गेलेल्या त्यांच्या लोकांकडून फसवून करारावर सह्या घेतल्या गेल्या. सैन्यानं त्यांना पुन्हा पुन्हा मिसिसिपीपलीकडे हाकललं आणि ते पुन्हा पुन्हा चालत परत आले. आजही ते इथंच आहेत. उत्तरेत ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२च्या करारांत जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्यानं तो शतकभर मानला नाही. १९८३मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानं तो हक्क जिवंत असल्याचा निकाल दिला, त्यानंतर मासेमारीच्या होड्यांच्या धक्क्यांवर जमाव जमले, दगड फेकले गेले. आज उत्तरेतल्या रानात ओजिब्वे शिकारी त्यांच्या स्वतःच्या नियमांनी, स्वतःच्या हंगामात शिकार करतात. नवशिक्यानं त्यांच्याकडे भुवया उंचावून पाहू नये, एवढं मी आधीच बजावते. परवाना आपल्याला मिळालेला आहे. त्यांच्या हक्काचं मूळ करारात आहे.

वसाहतवाल्यांच्या हाती आल्यावरही या जमिनीचे हाल थांबले नाहीत. अरण्य तोडून झाल्यावर लाकूड कंपन्यांनी ते बुंध्यांचं माळरान शेतकऱ्यांना विकलं. वाळूची जमीन, छोटा उन्हाळा, शेती पिकेना. कर थकला. जमिनी सोडून माणसं निघून गेली आणि विसाच्या दशकात त्या काउंट्यांच्या गळ्यात पडल्या. १९२७च्या एका कायद्यानं काउंट्यांना त्यावर जंगल राखायची वाट मिळाली. आज काउंट्यांची अशी जंगलं सुमारे २४ लाख एकर आहेत, राज्यातलं सर्वांत मोठं सार्वजनिक रान. केंद्रानंही अशाच पडीक जमिनी विकत घेतल्या आणि १९३३मध्ये निकोले आणि शेकॉमेगॉन ही दोन राष्ट्रीय वनं जाहीर झाली. ती मिळून १५ लाख एकर होतात. कुणालाच नको झालेली जमीन सगळ्यांची झाली. त्यावर मंदीच्या काळात बेकार तरुणांच्या छावण्यांनी रोपं लावली. आज तिथं उंच झाडी पाहून कुणी आदिम अरण्य म्हटलं की मी थांबवते. ते माणसांनी लावलेलं आहे आणि लावणाऱ्यांतले बरेचजण एकोणीस-वीस वर्षांचे होते.

पैसा कुठून येतो, हेही सांगितलं पाहिजे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. धनुष्य-बाण त्यात १९७२च्या दुरुस्तीनं आले. भारतात शिकार बंद करणारा कायदा झाला, तेच हे साल. दोन्ही देशांनी त्या वर्षी जनावरं वाचवण्याचाच विचार केला आणि दोन वेगळ्या वाटा धरल्या. आपल्या दाट वस्तीत, वाघापासून माळढोकापर्यंत सगळंच काठावर आलेलं असताना, आपल्या वाटेवाचून इलाज नव्हता असं माझं मत आहे. इथं हरीण उदंड आहे, लांडगा थोडा आहे, आणि विकत घेतलेल्या प्रत्येक धनुष्यावर ११ टक्के कर भरून शिकारी त्या रानाचा खर्च उचलतो.

धनुष्य मात्र १९६६नंतर आधीचं राहिलं नाही. मिझुरी राज्यातल्या हॉलेस अ‍ॅलन यांना हरणांच्या शिकारीसाठी वेगवान बाण हवा होता. त्यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांना आस मध्यात नसलेली चाकं बसवली. १९६९मध्ये पेटंट मिळालं. हे कंपाउंड धनुष्य. ओढताना मध्यावर पूर्ण ताण लागतो आणि शेवटाला एकदम हलका होतो. आजच्या धनुष्यांत पन्नास पौंडांचा ताण पूर्ण ओढल्यावर दहाबारा पौंडांवर येतो, त्यामुळे हरीण झाडाआडून पुढे सरकेपर्यंत वाट पाहता येते. जुन्या धनुष्यवाल्यांनी नाकं मुरडली. पण माझ्यासारख्या लहान चणीच्या बाईला रानाचं दार त्या चाकांनीच उघडलं. आणि पुढची गोष्ट सांगताना माझा ऊर भरून येतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत याच कंपाउंड धनुष्यावर साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. दोघंही साताऱ्यात सराव करणारे. मिझुरीच्या शिकाऱ्यानं हरणासाठी केलेली चाकं माझ्या गावापासून अडीच तासांवर अशी फिरत असतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. वर्गात मी त्या दोघांचे फोटो दाखवते. वीस यार्डांवर बाण एका ठिकाणी पडणं म्हणजे काय, ते त्यांच्या खांद्यांच्या ठेवणीतून समजतं.

पाइन आयलंडवर नवशिक्याला पहिला मोसम कठीण जातो. खासगी शेतावर हरणं सवयीनं येतात. सरकारी रानात ती माणसाला ओळखून असतात. वाहनतळापासून अर्ध्या मैलाच्या आत सगळेच बसतात, म्हणून हरणं त्यापलीकडे, दलदलीतल्या लाल डॉगवूडच्या झुडपांत दिवस काढतात. गुडघ्याएवढ्या बुटांनी पाण्यातून गेलं तर ती सापडतात. बर ओकची फळं गळायला लागली की त्या झाडांखाली पहाटे खुरांचे ताजे ठसे असतात. वारा तोंडावर हवा, आणि तो सकाळ-संध्याकाळ बदलतो. दक्षिणेतल्या राज्याच्या रानांत मचाण रोज संध्याकाळी उतरवून न्यावं लागतं. खिळा ठोकायचा नाही, फांदी तोडायची नाही. यामागचा विचार मला फार आवडतो: कुणाचीही जागा राखीव होऊ नये. आधी आलेला बसला असेल तर नमस्कार करून दुसरीकडे जायचं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बंदुकीचे नऊ दिवस असतात. तेव्हा धनुष्यवाल्यानंही भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घालायचं असतं.

बाण लागला की लगेच धावायचं नाही. हे शिकवायला सर्वांत अवघड. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, हरीण शंभरेक यार्डांत पडलेलं असतं. तरी अर्धा तास थांबायचं. गडद रक्त म्हणजे यकृत, काही तास. बाणाला हिरवट घाण लागलेली असेल तर पोटात गेला, मग आठ-दहा तास, प्रसंगी रात्रभर. लवकर गेलं तर जखमी जनावर उठतं आणि हरवतं. सापडल्यावर पोट तिथंच साफ करून ओढत आणायचं, नोंद करायची. पूर्वी ही नोंद गावच्या पेट्रोल पंपावर नाहीतर दारूच्या गुत्त्यावर होई, तिथं गर्दी जमे आणि नवख्याला चार गोष्टी फुकट शिकायला मिळत. २०१५पासून ती फोनवरून होते. सोय झाली, पण ते ओटे गेले याचं आजोबांना शेवटपर्यंत वाईट वाटत असे.

घरी आणल्यावर मटणावरची चरबी सगळी काढून टाकते. हरणाची चरबी बकऱ्यासारखी नसते, थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. मग आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, तीळ, आणि मंद आचेवर दोन तास. आजोबा या तांबड्या रश्श्यावर भाकरी नाही म्हणून पाव घेऊन बसायचे.

आणि हे सगळं पुन्हा एकदा धोक्यात आलं आहे. २००२च्या फेब्रुवारीत मॅडिसनजवळ माउंट होरेबच्या परिसरातल्या हरणांत सीडब्ल्यूडी हा रोग सापडला. बिघडलेल्या प्रथिनांमुळे मेंदूची चाळण होते. हरीण खंगून मरतं, उपाय नाही, आणि रोगाचा अंश मातीत वर्षानुवर्षं राहतो. त्या वेळी राज्यानं हरणांची संख्या झपाट्यानं घटवायचा प्रयत्न केला, बरेच लोक त्यात सामील झाले नाहीत, आणि रोग पसरत गेला. आता सॉक आणि कोलंबियातही तो आहे, म्हणजे १९३४चा पहिला हंगाम जिथं झाला तिथंच. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी लागण असलेलं मटण खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. म्हणून हरणाचं डोकं रस्त्याकडेच्या तपासणीच्या पेटीत ठेवायचं, चिठ्ठी भरायची, आणि निकाल येईपर्यंत मटण वेगळं, नाव लिहून फ्रीजरमध्ये. हा निकाल काय येईल त्यावर स्वयंपाकघरातलं सगळं ठरतं. माझ्याकडचा एक निकाल वाईट आला होता. सगळं मटण नियमाप्रमाणे कचराभूमीत गेलं. मारलेलं खाता येत नाही, याचं दुःख वेगळंच असतं.

या सप्टेंबरात माझ्याबरोबर एक नवी मुलगी आहे, मूळची नाशिकची, इथं परिचारिका. तिला धनुष्य घ्यायची घाई आहे. तिला आधी पाइन आयलंडला नकाशा घेऊन न्यायचं ठरवलं आहे: कुठपर्यंत राज्याचं, कुठून लिओपोल्डच्या संस्थेचं, कुठं खासगी शेत सुरू होतं, आणि तपासणीची पेटी कुठल्या रस्त्याला आहे, ते तिनं चालून पाहिल्यावर धनुष्याच्या दुकानात जाऊ.